मैलांनी लिहिणारे बिसेनबाबू

कचेरीत रुजू व्हायला गेलो तेव्हा माणूस दिसण्याआधी मला आवाज ऐकू आला. कर्र, कर्र, कर्र. वाटलं, आत कुणी सूत कातत असेल. दाराशी उभं राहून पाहिलं तर कोपऱ्यात एक सायकल होती. तिचं मागचं चाक लाकडी घोडीवर वीतभर वर उचललेलं होतं आणि तिच्यावर बसून एक पन्नाशीचा, वाळल्या शेंगेसारखा माणूस पायडल मारत होता. हँडलवर आडवी सागाची फळी, फळीवर उघडी वही, एका कडेला सुतळीने आवळून बांधलेली दौत. खाली पाय फिरत होते, वर हात लिहीत होता, आणि सायकल जागची हलत नव्हती.

"या," तो मान वर न करता म्हणाला. "नवे नकलनवीस ना तुमी? जरा थांबा. चढ आहे."

मी थांबलो. त्यांनी दोन ओळी लिहिल्या, टीपकागद दाबला, पाय सैल सोडले आणि धोतराच्या सोग्याने कपाळ पुसलं. "हं, उतरलो. बोला. पाय कसे आहेत?"

ही बिसेनबाबूंची आणि माझी पहिली भेट. प्रकृती कशी आहे, घरचे कसे आहेत, असं ते कुणालाच विचारत नसत. पाय कसे आहेत, एवढंच विचारत. बाकी सगळं त्यात आलं असं त्यांचं मत होतं.

जर्मनीच्या लढाईचं दुसरं की तिसरं वर्ष चालू होतं. कचेरी एका मालगुजाराची, म्हणजे जमीनदाराची होती, अर्जुनी मोरगावच्या स्टेशनापासून अर्ध्या मैलावर. मालक राहत गोंदियाला. त्यांची गावं, बांध्या म्हणजे धानाची खाचरं, आणि नऊ तलाव यांचा कारभार इथून चाले. कारभार पाहणारे मुख्तारसाहेब गोंदियाचेच, बोलणं सगळं हिंदीत. बिसेनबाबू तलावांचे कारकून. कोणत्या तलावात किती पाणी, कोणत्या गावाला कधी सोडलं, पाळ, म्हणजे तलावाचा बांध, कुठे खचली, हे त्यांनी नोंदवायचं. आणि त्या कच्च्या नोंदींची साफ नक्कल काढून दर आठवड्याला मालकांना गोंदियाला पाठवायची, हे माझं काम. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो, भंडाऱ्याहून आलेलो, अक्षराच्या जोरावर लागलेलो. पुढे पावसाळ्यात बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली. ही नोकरी टिकली पाहिजे, यापलीकडे त्या वर्षी माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

बिसेनबाबूंसाठी कचेरीत टेबल होतं, खुर्चीही होती. वेताची, हातांची, चांगली भक्कम. ती भिंतीला तोंड करून ठेवलेली असे. मी पहिल्याच आठवड्यात ती ओढून घ्यायला गेलो तेव्हा बिसेनबाबूंनी पाय थांबवले.

"राहू द्या ते. त्या खुर्चीत माह्या आधीचे दोन कारकून गेले."

"गेले म्हणजे?"

"म्हंजे गेलेच. पयले लिवता लिवता झोपल्यावानी दिसले. चपराशी पानी ठेवून गेला, परत आला तं पानी तसंच. मंग समजलं. दुसरे पाच वर्सानं. तीच खुर्ची, तोच दुपारचा टाइम."

मी हसलो. ते हसले नाहीत. "मानूस बसला का रगत बसते. रगत बसलं का मानूस उठत नाई. मी पाच पोटच्यांचा बाप हाओ बाबू, मले उठा लागते."

म्हणून त्यांनी गावच्या सुताराकडून ती घोडी करून घेतली होती. मंगळवारी सायकल घोडीवरून उतरायची आणि ते तलावांच्या फेरीवर जायचे. बाकीचे दिवस तीच सायकल कचेरीत जागच्या जागी चालायची. हळूहळू त्यांनी त्याचं एक शास्त्रच बनवलं होतं. साधं उत्तर सपाट रस्त्यावर लिहायचं, एका लयीत. पाण्याच्या भांडणाचे अर्ज चढावर, कारण तिथे दम लागला की माणूस नको ते शब्द टाकत नाही. मुख्तारसाहेबांच्या पत्रांना उत्तर मात्र उतारावर, पायडल न मारता, ब्रेकवर बोट ठेवून. कामाचं माप ते पानांनी घेत नसत, मैलांनी घेत. "काल्हच्या मासेवाल्याच्या अर्जाले तीन मैल लागले." "आज बारा मैल लिवलं, आंग दुखून राहिलं." आणि हे सगळे मैल ते मनातल्या मनात एका रस्त्यावर जोडत जात. मी आलो तेव्हा ते अर्जुनीहून निघून गोंदिया, डोंगरगड ओलांडून राजनांदगावच्या अलीकडे पोचलेले होते. चपराशी सकाळी विचारायचा, "बाबू, कहाँ तक पहुँचे?" आणि ते गंभीरपणे गाव सांगायचे. कुठे जायचं आहे ते विचारलं तर म्हणायचे, "कलकत्त्याले. समुद्र पायला नाई कधी."

मुख्तारसाहेबांना हे सगळं सुरुवातीला आवडलं नव्हतं. "बिसेन, यह दफ़्तर है, सर्कस नहीं," असं ते मी यायच्या आधी म्हणाले होते म्हणे. पण उन्हाळा आला तेव्हा बिसेनबाबूंनी मागच्या चाकाच्या बाजूला एक लाकडी दांडा बसवला, त्याला दोर बांधला, आणि तो छताच्या कापडी पंख्याला नेऊन जोडला. लिहिताना पाय फिरले की पंखा हलायचा. वारा थेट मुख्तारसाहेबांच्या बैठकीवर. त्या दिवसापासून सर्कस हा शब्द बंद झाला. फक्त दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे पंखा ओढणारा सोमा बिनकामाचा झाला, त्याला आंजनटोल्याच्या तलावावर राखणदार म्हणून धाडलं. दुसरी म्हणजे मुख्तारसाहेबांना मंगळवार नकोसा झाला. बिसेनबाबू फेरीवर गेले की कचेरीत वारा नसायचा.

"हर हफ़्ते क्या देखने जाते हो? तालाब कहीं भाग रहा है?"

"पाहा लागते, साहेब," एवढंच बिसेनबाबू म्हणायचे, आणि जायचे.

या व्यवस्थेतून एकच नुकसान झालं, ते अक्षराचं. पायांचा प्रत्येक फेरा त्यांच्या लिहिण्यात उतरायचा. ओळ लाटेसारखी जायची, काने वाकडे, वेलांट्या भलत्याच अक्षरांवर. आणि फेरीवर तर ते चालत्या सायकलवरही लिहायचे, एक हात हँडलवर, एक फळीवर. त्यांच्या वहीला मातीचे, शाईचे, कधी रक्ताचेही डाग असत. मला ते वाचायची सवय झाली होती. मुख्तारसाहेबांना ते वाचता येत नसे आणि त्यांनी कधी प्रयत्नही केला नाही. फक्त एकदा मी एक नोंद मोठ्याने वाचून दाखवली तेव्हा ते पोट धरून हसले होते. नोंद अशी होती: "सकाळी पाळीवर बिबट बसलेला. उठेपर्यंत थांबलो. पाळ ठीक."

मी नंतर विचारलं, "बिबट्या समोर असताना तुम्ही पाळ पाहिली?"

"तो उठून गेल्यावर पायली ना. तो बसला होता तेच जागा पाहाची होती."

असे बिसेनबाबू. भीती नव्हती असं नाही. त्यांची भीती वेगळ्या जागी होती, एवढंच. ती कुठे आहे हे मला पावसाळ्यात कळलं.

आंजनटोल्याचा तलाव कचेरीपासून आठ मैल. नऊ तलावांत तो सगळ्यात जुना. पाळ मातीची, उंच, तिच्यावर मोहाची आणि जांभळाची झाडं. पाळीच्या पोटाशी टोला, चाळीसएक घरं. एका मंगळवारी परतताना बिसेनबाबूंनी औषधाची एक काचेची शिशी आणली आणि खिडकीत ठेवली. आत पाणी होतं, नितळ. पुढच्या मंगळवारी दुसरी. मग तिसरी. प्रत्येकीच्या गळ्याला दोऱ्याने तारखेची चिठ्ठी. मला वाटलं, हे काहीतरी औषधपाणी असावं. चौथ्या शिशीच्या तळाशी बारीक तांबूस गाळ बसलेला होता.

"हे काय आहे, बिसेनबाबू?"

ते सायकलवर होते. पाय थांबवले. पंखा थांबला. आतून मुख्तारसाहेबांचा खाकरण्याचा आवाज आला, म्हणून त्यांनी पुन्हा पाय चालू केले आणि हळू आवाजात बोलले. पाळीला ते पार म्हणत.

"आंजनटोल्याच्या पारीले बुडाशी पानी झिरपून राहिलं. झिरपनं वाईट नाई. पार म्हातारी आहे, तिले घाम येनारच. पर घामाचा रंग पाहा लागते. पानी नितर आलं तं नुसतं पानी येऊन राहिलं. गढूर आलं तं पार येऊन राहिली."

"म्हणजे?"

"आंदरून माती वाहून जाते ना, बाबू. वरून पार जशीच्या तशी. झाडं उभी, पाखरं बसली. आंदरून रिकामी." 

त्यानंतर मी रोज सकाळी आल्या आल्या आधी खिडकीकडे पाहू लागलो. पाचव्या शिशीत गाळ बोटाच्या पेरभर. सहावीत त्याहून जास्त. ऊन आलं की सगळ्या शिशा चमकायच्या, डावीकडून उजवीकडे रंग चढत गेलेला. कचेरीत येणारे लोक विचारायचे, मध आहे काय. चपराशी आता "कहाँ तक पहुँचे" असं विचारेनासा झाला होता, कारण बिसेनबाबू उत्तर देत नसत. पायडल मारत, लिहीत, आणि मधूनच पाय न थांबवता खिडकीकडे पाहत.

त्यांनी मुख्तारसाहेबांना सांगितलं नाही असं नाही. माझ्यासमोर तीनदा सांगितलं. तुडूम उघडून, म्हणजे तलावाचं तोंड उघडून, पाणी निम्म्यावर आणू द्या, पाळीला पोटातून माती भरू द्या. मुख्तारसाहेब वाईट माणूस नव्हते. पण हिवाळ्यात मालकांकडे एक मोठे गोरे साहेब बदकांच्या शिकारीला येणार होते, आणि शिकार आंजनटोल्यालाच ठरली होती. तलाव काठोकाठ हवा, असं मालकांचं पत्र होतं.

"पानी उतर गया तो बत्तख क्या कीचड़ में बैठेंगे? मालिक को मैं क्या मुँह दिखाऊँ?"

"नोंद तं केली आहे मी, साहेब. मालकाले जाईन ते नोंद. ते पाहातीन."

मुख्तारसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

त्या दिवशी बिसेनबाबू जेवायला घरी गेल्यावर त्यांनी मला आत बोलावलं. कच्ची वही त्यांच्या पुढ्यात उघडी होती. त्या लाटांच्या ओळींवर बोट ठेवून म्हणाले, "यह क्या लिखा है?"

मला ते स्पष्ट वाचता येत होतं. आंजनटोला, पाळीच्या बुडाशी पाणी, रंग गढूळ, मागच्यापेक्षा जास्त.

"वाचायला कठीण आहे, साहेब," मी म्हणालो.

"वही तो. साइकिल पर बैठके लिखेगा तो कौन पढ़ेगा?" त्यांचा आवाज मऊ होता. "आप पढ़े-लिखे आदमी हैं. घर में बच्चा होनेवाला है, सुना. लिखिए, पानी स्वच्छ. पाल ठीक."

मी लिहिलं. बोरूने, सरळ रेघेवर, जसं मी सगळं लिहायचो. त्या आठवड्याला लिहिलं, पुढच्या आठवड्याला लिहिलं, आणि तिसऱ्या वेळेला मुख्तारसाहेबांना सांगावंही लागलं नाही. त्याच सुमारास एका सकाळी खिडकी रिकामी दिसली. चपराश्याने शिशा धुऊन घरी नेल्या होत्या, साहेबांच्या सांगण्यावरून. बिसेनबाबू खिडकीपाशी जरा वेळ उभे राहिले. मग सायकलवर चढले. 

दसऱ्यानंतर पाऊस परतून आला. तीन दिवस, तीन रात्री. धान पिकायला आलेलं, आडवं झालं. चौथ्या दिवशी स्वच्छ ऊन पडलं, इतकं की डोळे दिपावेत. तो मंगळवार नव्हता, तरी बिसेनबाबू पहाटेच गेले होते. मुख्तारसाहेब आदल्या दिवशी नॅरोगेजच्या छोट्या गाडीने गोंदियाला गेलेले. मी एकटा लिहीत बसलो होतो. कोपऱ्यात नुसती घोडी उभी होती, आणि कचेरीत इतकी शांतता होती की मला ती सहन होईना.

दहाच्या सुमारास ते आले. लढाईमुळे टायर-ट्यूब मिळत नसत, म्हणून त्यांनी टायरमध्ये धानाचं तणस ठासून भरलं होतं. ते आता दोन्ही चाकांतून बाहेर लोंबत होतं. धोतर मांडीपर्यंत चिखलाने भरलेलं. सायकल त्यांनी पायरीलाच टेकवली.

"साहेब?"

"गोंदियाला."

"मालकाले गेलेल्या नकला दाखवा. मालकानं काईच कसं कळवलं नाई ते पाहाचं आहे."

नकलांच्या कचेरीतल्या प्रतींची वही माझ्याच टेबलावर असायची. मी नाही म्हणू शकलो नाही. त्यांनी उभ्या उभ्या पान उलटलं, मग मागचं, मग त्याच्या मागचं. ओल्या बोटांचे ठसे पानांवर उठले. मला वाटलं, आता हा माणूस ओरडेल. माझ्या कानशिलात देईल. दिली असती तर बरं झालं असतं.

"अक्षर मोठं सुंदर आहे तुमचं," ते म्हणाले. "एक काना हालला नाई."

त्यांनी वही मिटून जागेवर ठेवली. मग माझ्यासमोर कोरा कागद सरकवला.

"लिवा."

"काय?"

"आंजनटोल्यातल्या समद्या लोकायनं हा कागद पोचताच लेकरं घेऊन, ढोरं सोडून, देवीच्या टेकडीवर जावं. मालकाचा हुकूम."

"तुडूम उघडायचं लिहू?"

"आता पानी काढून होत नाई. मानसं काढा लागतीन. बुडाशी मांडीएवढं भोक पडलं. लिवा, जो जानार नाई त्याची बांधी जप्त होईन."

माझा हात थांबला. "जप्त? हे कोणी ठरवलं?"

"मी. महिना झाला सांगून राहिलो त्यायले, पार जाईन म्हून. हासतात. चक्कीवाला बाबू म्हन्तात मले. सोमाबी म्हन्ते, साहेबाच्या शिक्क्याशिवाय मी काई करत नाई. जिवाले भेत नाईत लोक, बाबू. जप्तीले भेतात." मग पहिल्यांदाच त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं. "वाचता येईन असं लिवा."

मी लिहिलं. शिक्का माझ्याच ताब्यात असायचा, तो उठवला. मुख्तारसाहेबांच्या नावाने सही केली, आणि अक्षर जराही थरथरलं नाही. त्यांनी कागदावर फुंकर मारली, घडी करून टोपीच्या आत ठेवला, आणि गेले. तणसाच्या काड्या पायरीपासून रस्त्यापर्यंत पडल्या होत्या.

पुढचं मी पाहिलं नाही, ऐकलं. सोमानेच सांगितलं. बिसेनबाबू टोल्यात शिरले ते सायकलवरूनच, कागद हातात उंच धरून. टोल्याचा पाटील शाळा शिकलेला होता, त्याने शिक्का पाहिला, कागद मोठ्याने वाचला, आणि त्याचं तोंड उतरलं. मग कुणी वाद घातला नाही. बिसेनबाबू आणि सोमा घरोघर गेले. टोला एक, रस्ता एक, तो त्यांनी पाच-सहा वेळा वरखाली केला. शेवटी टायर निघून गेले आणि चाकं नुसत्या लोखंडावर दगडांतून वाजत होती, म्हणे. लोक टेकडीवर बसून शिव्या देत होते. ऊन लख्ख, तलाव निळा, पाळ जशीच्या तशी, झाडांवर पाखरं. भात चुलीवर टाकून आलेल्या बाया म्हणत होत्या, आता जाऊ द्या, दोन तास झाले. आसाराम नावाचा म्हातारा कुणाला न सांगता बैलजोडी आणायला खाली उतरला.

सोमा म्हणाला, आधी झाडं हलली. वारा नव्हता, आणि पाळीवरची तीन झाडं हलली. मग ती उभीच्या उभी खाली बसली.

संध्याकाळी टोल्याचा एक माणूस चिखलाने माखलेला कचेरीत धावत आला, तेव्हा मुख्तारसाहेब नुकतेच गाडीतून उतरून आले होते. त्याचं ऐकता ऐकता ते भिंतीपाशी गेले आणि हात टेकवून उभे राहिले. चाळीस घरांपैकी सहा उरली होती. माणसं सगळी होती, एक सोडून.

आठव्या दिवशी मालकांचे भाऊ, धाकटे मालक, गोंदियाहून चौकशीला आले. कचेरीतल्या बैठकीवर बसले, शेजारी मुख्तारसाहेब. बिसेनबाबू उभे. मी कागद हातात घेऊन.

"हा हुकूम कुणी काढला?"

"मी सांगतला," बिसेनबाबू म्हणाले. "यायनं लिवला. साहेबाचा हुकूम नाई हे यायले ठाऊक नोतं. मी खोटं बोललो यायच्यापाशी."

हे खोटं होतं. मी तोंड उघडलं नाही.

"आणि पाळ फुटणार हे तुम्हाला आधी कळलं होतं? मग कळवलं का नाही? या नकलेत तर दर आठवड्याला लिहिलंय, पाणी स्वच्छ, पाळ ठीक."

"माह्या वहीत आहे, मालक. गढूर लिवलं आहे. शिशाबी होत्या."

"कुठे आहेत शिशा?"

 धाकट्या मालकांनी कच्ची वही ओढून घेतली, दोन पानं डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. मग ती माझ्यापुढे केली. बोट ठेवलं नेमकं त्याच शब्दावर.

"तुम्ही याच्या नकला करता ना? हा शब्द काय आहे?"

मी पाहिलं. मुख्तारसाहेब माझ्याकडे बघत होते, घामाने भिजलेले. त्यांच्या डोळ्यांत दरडावणी नव्हती, विनवणी होती. बिसेनबाबू माझ्याकडे बघतही नव्हते. ते खिडकीतून बाहेर पाहत होते. चारच दिवसांपूर्वी मला माहेरहून मुलगा झाल्याचं पत्र आलं होतं.

"नीट लागत नाही, मालक," मी म्हणालो.

खोटा हुकूम काढणं आणि नोंदी न वाचता येण्याजोग्या ठेवणं, या दोन कारणांवरून बिसेनबाबूंना त्याच दिवशी काढलं. तिसरं कारण धाकट्या मालकांनी तोंडी सांगितलं: कचेरीत बसून काम कसं करायचं हे या माणसाला कधी समजलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. गाव त्यांचं केशोरीकडे. बायको-मुलं बैलगाडीने पुढे गेली होती. सायकलला कुठून तरी जुने टायर मिळवून त्यांनी चढवले होते. मी त्यांच्या बरोबर निघालो. कशासाठी, ते मला सांगता येणार नाही. काहीतरी बोलायचं होतं. ते सायकलवर बसून अगदी हळू चालवत होते, माझ्या चालीने.  मैलभरानंतर ते म्हणाले, "पोरगा झाला म्हन्तात. बरं झालं."

रस्त्याच्या कडेच्या माळावर आंजनटोल्याच्या लोकांनी पळसाच्या डहाळ्यांचे आडोसे केले होते. धूर निघत होता. बिसेनबाबू दिसले तशी पहिल्या आडोशातली बाई उठून उभी राहिली. मग दुसऱ्यातला माणूस. मग एकेक करत सगळे. कुणी हात जोडले नाहीत, नुसते उभे राहिले, रस्त्याच्या कडेने, लांबपर्यंत.

बिसेनबाबू गडबडले. त्यांनी ब्रेक दाबला, सायकलवरून खाली उतरले, टोपी सारखी केली आणि चालू लागले. उभ्या माणसांपुढून बसून जाणं त्यांना बरं वाटलं नसावं.

शेवटच्या आडोशापाशी एक म्हातारी उभी होती. कपाळ मोकळं, हातांत बांगड्या नाहीत. आसारामची बायको. तिने बिसेनबाबूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे कोन जी?"

 मी बिसेनबाबूंकडे पाहिलं. ते क्षणभर थांबले, माझ्याकडे न पाहता.

"यायनंच लिवला तो कागद, माय," ते म्हणाले. "यायचंच अक्षर. मी लिवलं असतं तं तुमच्या पाटलाले वाचताच नसतं आलं."

म्हातारी पुढे आली. तिने माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला, शाईच्या डागावर अंगठा फिरवला, आणि तो हात उचलून स्वतःच्या कपाळाला लावला. तिचं कपाळ गरम होतं, तापलेलं. ती बराच वेळ हात सोडेना. मला तो ओढून घेता येईना.

मी मान वर केली तेव्हा बिसेनबाबू सायकलवर चढून निघाले होते. दोन्ही बाजूंना आडवं पडलेलं धान कुजत होतं. ते त्याच्यामधून जात होते, ना सावकाश ना घाईत, आणि त्यांनी वळून पाहिलं नाही.